तयार उत्तरे आणि हरवलेला संदर्भ : वेब अनुप्रयोगांतील नेहमीच्या प्रश्नांच्या सोडवणुकीची चिकित्सा

प्रस्तावना

वेब अनुप्रयोग घडविताना काही प्रश्न पुनःपुन्हा समोर येतात. वापरकर्त्याने भरलेली माहिती डेटाबेसमध्ये सुरक्षितपणे कशी साठवावी, ती पडद्यावर पुन्हा कशी दाखवावी, मजकुराची लांबी कशी मोजावी, हे त्यांपैकी प्रमुख होत. प्रश्न ठरावीक असल्याने त्यांची उत्तरेही तयार स्वरूपात मिळू लागली आणि अशा उत्तरांचे एक स्वतंत्र वाङ्मय निर्माण झाले. या तयार उत्तरांचे मूल्यमापन करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. विवेचनासाठी १९९५ मध्ये रास्मुस लेरडॉर्फ यांनी प्रकाशात आणलेल्या पीएचपी या भाषेचा आधार घेतला आहे. तयार उत्तर ज्या संदर्भात खरे असते, तो संदर्भ गळून पडला की तेच उत्तर नव्या दोषाचे कारण ठरते, हे येथील मुख्य प्रतिपादन होय.

आकृतिबंध आणि पाककृती

नेहमीच्या प्रश्नांची उत्तरे नोंदवून ठेवण्याच्या दोन परंपरा दिसतात. पहिली आकृतिबंधांची. वास्तुशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर अलेक्झांडर व त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९७७ मधील ‘अ पॅटर्न लँग्वेज’ या ग्रंथातून ही कल्पना संगणकशास्त्रात आली. गामा, हेल्म, जॉन्सन व व्लिसिडीस यांच्या ‘डिझाइन पॅटर्न्स’ या १९९४ च्या ग्रंथाने ती रूढ केली. त्यात प्रत्येक आकृतिबंधासोबत तो कोठे लागू पडतो आणि त्याचे परिणाम काय होतात, हेही नोंदविलेले आहे.

दुसरी परंपरा पाककृतींची. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘पीएचपी कुकबुक’ हे तिचे ठळक उदाहरण. प्रश्न, उत्तर आणि चर्चा अशी त्यातील मांडणी आहे. म्हणजे संदर्भाची जाणीव या परंपरेतही आहे. परंतु घाईत असलेला वाचक उत्तराच्या चार ओळी उचलतो आणि चर्चा तेथेच राहते. पाककृतीने असंख्य नवशिक्यांना कामास लावले, हे तिचे श्रेय मान्य करावयास हवे. तिची मर्यादा मात्र तिच्या सोयीतच दडलेली आहे.

‘मॅजिक कोट्स’ : एका उत्तराचा इतिहास

ही मर्यादा पीएचपीतील ‘मॅजिक कोट्स’ या सोयीच्या इतिहासात स्पष्टपणे दिसते. अर्जातील मजकूर डेटाबेसच्या आज्ञेत जसाच्या तसा जोडला आणि त्यात एकेरी अवतरणचिन्ह असले, तर मजकूर तेथेच संपला असे डेटाबेस समजतो व पुढील अक्षरे आज्ञा म्हणून वाचतो. वसई व गोव्याकडील डिसोझा, डिमेलो यांसारखी आडनावे रोमन लिपीत अनेकदा असे चिन्ह घालून लिहिली जातात. एखाद्या साध्या आडनावाने आज्ञा मोडावी, इतका हा दोष सहज घडणारा आहे. तो हेतुपुरस्सर वापरून डेटाबेसवर ताबा मिळविता येतो, याची जाहीर चर्चा ‘फ्रॅक’ या नियतकालिकात १९९८ मध्ये झाली. पुढे हा हल्ला ‘एसक्यूएल इंजेक्शन’ या नावाने ओळखला जाऊ लागला.

‘मॅजिक कोट्स’ने यावर सोपा उपाय योजला होता. बाहेरून येणाऱ्या मजकुरातील प्रत्येक अवतरणचिन्हापूर्वी उलटी तिरपी रेघ आपोआप घातली जाई. कार्यक्रमकाराने काही समजून घेण्याची गरज उरत नसे. या उपायाने अनेक अजाण कार्यक्रमकारांना काही प्रमाणात संरक्षण दिले, हे नाकारता येत नाही. तथापि, त्याचे दोष तीन प्रकारचे होते.

पहिला दोष स्थानाचा. मजकूर आत येतानाच बदलला जाई. तो पुढे डेटाबेसमध्ये जाणार, पडद्यावर दिसणार की टपालाने पाठविला जाणार, हे त्या क्षणी ठाऊक नसे. परिणामी आडनावांत आणि पत्रांत अनावश्यक तिरप्या रेघा उमटत. दुसरा दोष अपुरेपणाचा. आज्ञेत क्रमांक अवतरणचिन्हांविना लिहिला असेल, तर हल्लेखोराला अवतरणचिन्हाची गरजच पडत नाही. क्रमांकापुढे सदैव सत्य ठरणारी अट जोडली की पुरते. तिसरा दोष संकेतनाचा. रेघ घालण्याची क्रिया अक्षरे न पाहता केवळ बाइट पाहत असे. चिनी भाषेच्या ‘जीबीके’ संकेतनात आधीचा एखादा बाइट आणि ही रेघ मिळून एक वैध अक्षर तयार होऊ शकते. रेघ त्यात विरून जाते आणि अवतरणचिन्ह मोकळे राहते. ही पळवाट २००६ मध्ये जाहीरपणे दाखविली गेली.

अखेर २००९ मधील ५.३ आवृत्तीत ही सोय कालबाह्य ठरविली गेली आणि २०१२ मधील ५.४ आवृत्तीतून ती काढून टाकण्यात आली. तिच्याहून भक्कम उपाय तोपर्यंत उपलब्ध झाला होता. आज्ञेचा सांगाडा आधी निश्चित करावयाचा आणि मूल्ये स्वतंत्रपणे पुरवावयाची, अशी ही पूर्वसिद्ध आज्ञेची पद्धत होय. २००५ मधील ५.१ आवृत्तीपासून ‘पीडीओ’द्वारे ती सुलभ झाली. यात मजकुराला आज्ञा होण्याची संधीच मिळत नाही.

परंतु हे उत्तरही संदर्भमुक्त नाही. तक्त्याचे वा स्तंभाचे नाव अशा रीतीने मूल्य म्हणून पुरविता येत नाही. तेथे मान्य नावांची यादी तपासावी लागते. तसेच डेटाबेसमध्ये सुरक्षितपणे गेलेला मजकूर पडद्यावर सुरक्षित असेलच असे नाही. २००५ मध्ये ‘मायस्पेस’वर एका वापरकर्त्याच्या परिचयपानातील संहिता एका दिवसाच्या आत दहा लाखांहून अधिक खात्यांत पसरली, ती पडद्यावर दाखविताना आवश्यक असलेली दक्षता अपुरी पडल्यामुळे. प्रत्येक सीमेवर त्या सीमेचा स्वतंत्र नियम लागतो, हा या इतिहासाचा बोध आहे.

देवनागरीची कसोटी

तयार उत्तरांत गृहीत धरलेला संदर्भ बहुधा रोमन लिपीचा असतो. म्हणून मराठी मजकूर ही त्यांची चांगली कसोटी ठरते. ‘मराठी’ या शब्दाची लांबी पीएचपीतील ‘स्ट्रलेन’ला विचारली, तर यूटीएफ-८ संकेतनात उत्तर १५ येते, कारण ते बाइट मोजते. ‘एमबी_स्ट्रलेन’ ५ हे उत्तर देते, कारण ते मात्रांची चिन्हे वेगळी मोजते. वाचकाला मात्र ३ अक्षरे दिसतात. शीर्षक आखूड करण्याची प्रचलित कृती पहिले १० बाइट ठेवील, तर ‘ठ’ अर्धवट तुटून निरर्थक चिन्ह दिसेल. पहिली ४ चिन्हे ठेवील, तर ‘मराठ’ एवढेच उरेल.

याहून सूक्ष्म उदाहरण अदृश्य चिन्हांचे आहे. ‘आचाऱ्याला’ आणि ‘आचार्याला’ या शब्दांत स्वयंपाकी आणि गुरू एवढे अंतर आहे. यांतील अर्धा ‘र’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो : नुक्तायुक्त ‘ऱ’ वापरून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त जोडून त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. मजकूर ‘स्वच्छ’ करण्यासाठी सर्व अदृश्य चिन्हे सरसकट काढून टाकण्याची कृती वापरली, तर दुसऱ्या प्रकारे लिहिलेला आचारी निमूटपणे आचार्य होतो. दोन्ही प्रकार पडद्यावर सारखे दिसत असले, तरी एकाने शोध घेतला असता दुसरा सापडत नाही. युनिकोडचे प्रमाणित सामान्यीकरणही हा भेद मिटवीत नाही. येथे कोणताही त्रुटिसंदेश येत नाही. नोंद बिघडते आणि बिघाड कोणाच्या लक्षात येत नाही.

अध्यापनाच्या दृष्टीने

या चिकित्सेचा महाविद्यालयीन अध्यापनाशी निकटचा संबंध आहे. प्रात्यक्षिकात ‘कार्यक्रम चालला’ एवढीच कसोटी राहिली, तर पाककृती पाठ करणारा आणि प्रश्न उमगलेला विद्यार्थी यांत भेद उरत नाही. एकेरी अवतरणचिन्ह असलेले आडनाव, क्रमांकाच्या जागी भरलेली अट आणि ‘आचाऱ्याला’ हा शब्द एवढ्या तीन नोंदी तपासणीत घातल्या, तरी हा भेद उघड होईल. तोंडी परीक्षेत ‘हे उत्तर कोठे लागू पडत नाही?’ असा प्रश्न विचारणे हीदेखील साधी सुधारणा आहे. यास वेगळ्या अभ्यासक्रमाची वा खर्चाची आवश्यकता नाही.

समारोप

तयार उत्तरांवाचून वेब अनुप्रयोगांचे काम चालणार नाही आणि चालावे असा आग्रहही योग्य नाही. मात्र उत्तर स्वीकारताना त्याची लागू पडण्याची मर्यादा सोबत घेणे आवश्यक आहे. ‘ओवॅस्प’ या संस्थेने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दहा प्रमुख धोक्यांच्या यादीत इंजेक्शनला तिसरे स्थान होते. म्हणजे १९९८ मध्ये चर्चिलेला आणि पुढे खात्रीचा उपाय लाभलेला प्रश्न दोन दशकांनंतरही सुटलेला नव्हता. उपाय उपलब्ध असणे आणि तो कोठे व का वापरावा हे उमगणे, यांतील अंतर त्यावरून दिसून येते. हे अंतर कमी करण्याचे काम मुख्यतः वर्गात व प्रयोगशाळेतच होऊ शकते.