नंबर लागल्यानंतरची गोष्ट

मेडिकलला नंबर लागला की आपल्याकडे पेढे वाटले जातात. मग बैठकीत गोष्ट रंगते : क्लास कुठला लावला, मोबाइल कसा काढून घेतला, आईने नोकरी कशी सोडली, बाबांनी कर्ज कसं काढलं. गोष्ट संपते ती प्रवेशाच्या यादीपाशी. पुढच्या साडेपाच वर्षांबद्दल कुणी काही विचारत नाही. मी डॉक्टर आहे. माझ्या वेळीही कुणी विचारलं नव्हतं, आणि परवा भाचीचे पेढे खाताना मीही तिला विचारलं नाही.

घरी परतताना श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ आठवली. १९६८ची ही कादंबरी, आणि समीर विद्वांस यांचा २०१९चा त्याच नावाचा चित्रपट. आनंदीबाई जोशी मराठी घरात पोचल्या त्या प्रामुख्याने या दोन वाटांनी. आणि दोन्हीकडे मला तीच बैठकीतली गोष्ट दिसते.

आधी कादंबरीचं मोठेपण सांगायला हवं. जोशींनी गोपाळरावांना देव्हाऱ्यात बसवलं नाही. हा पोस्टातला कारकून तऱ्हेवाईक आहे, हट्टी आहे, बायकोला शिकवण्यासाठी तिच्यावर हात उगारणारा आहे. सुधारणा आणि जुलूम एकाच माणसात कसे नांदतात, हे मराठी कादंबरीत इतक्या थेटपणे क्वचितच आलं असेल. कादंबरी टिकली ती या माणसामुळे.

पण तिची अडचणही तोच आहे. कथेचं इंजिन गोपाळराव, आणि आनंदी डबा. तो ओढतो, ती जाते. अमेरिका येते, कॉलेज येतं; पण लक्षात राहते ती थंडी, एकटेपण, परक्या मुलखात जपलेलं लुगडं आणि नवऱ्याच्या पत्रांची धास्ती. चित्रपटाचाही जीव या जोडप्याच्या नात्यात आहे. ती तिथे काय शिकली, कसं शिकली, शिकताना तिच्यात काय बदललं, याला मध्यवर्ती जागा दोन्हीकडे नाही. पदवी मिळते, आपले डोळे भरून येतात. ते पाणी खरं असतं, पण ते पेढ्यांच्या जातीचं असतं.

खुद्द आनंदीबाईंनी स्वतःची गोष्ट अशी मांडलेली नाही. १८८३च्या फेब्रुवारीत, अमेरिकेला निघण्यापूर्वी, त्या श्रीरामपूरच्या कॉलेजात इंग्रजीतून बोलल्या. लोक त्यांना जे प्रश्न विचारत, त्यातले सहा घेऊन त्यांनी एकेकाला उत्तर दिलं. त्यातला एक असा, की शिकायची सोय हिंदुस्थानात नाही का? त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : मद्रासला कॉलेज आहे, सुईणीच्या शिक्षणाचे वर्गही निघालेत, पण ते शिक्षण अपुरं आहे आणि शिकवणारे जुन्या वळणाचे आहेत. अठराव्या वर्षाच्या उंबरठ्यावरची ही मुलगी शिक्षणाची प्रत तपासत होती. कशासाठी जायचं आणि काय दर्जाचं हवं, हे तिला ठाऊक होतं. तिचं दहा दिवसांचं बाळ गेलं होतं. डॉक्टर होण्याची गरज तिला नवऱ्याने समजावून सांगावी लागली असेल, असं मला वाटत नाही.

मग फिलाडेल्फिया. विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया, स्थापना १८५०ची. तिथे तीन वर्षं. शवविच्छेदनाशिवाय ते शिक्षण होऊच शकत नव्हतं. १८३६ साली कलकत्त्यात मधुसूदन गुप्तांनी प्रेताला सुरी लावली, ती घटना देशभर गाजली. चित्पावन घरात, सोवळ्यात वाढलेल्या मुलीने ते केलं तेव्हा तिच्या मनात काय झालं असेल? पहिल्या वर्षी त्या हॉलमध्ये उभी असताना मला जेवण जात नव्हतं. आठवड्याभराने मी तिथून थेट मेसमध्ये जाऊ लागले. माणूस डॉक्टर होतो तो या आठवड्यात, यादीत नाव लागतं त्या दिवशी नव्हे. मला आनंदीबाईंचा तो आठवडा वाचायचा आहे.

त्यांच्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. एका हाताशी जुने संस्कृत ग्रंथ, दुसऱ्या हाताशी अमेरिकन पाठ्यपुस्तकं. दोन ज्ञानपरंपरा एकाच डोक्यात भांडतात, हा केवढा मोठा कादंबरीचा विषय! त्याच काळात नवऱ्याला लिहिलेल्या एका पत्रात त्या त्याच्या मारहाणीचा हिशेब मांडतात : हेतू पाहिला तर ती कदाचित बरोबर, पण लहान मुलीच्या मनावर झालेला परिणाम पाहिला तर चूक. ही भाषा मला निदान करणाऱ्याची वाटते.

कुणी म्हणेल, कादंबरीकाराने काय लिहावं हे समीक्षकाने का सांगावं? मान्य. शिवाय त्यांच्या आयुष्यानेच ही शोकांतिका हाती दिली. ११ मार्च १८८६ला पदवी, कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये नेमणूक, आणि तिथे रुजू होण्याआधीच २६ फेब्रुवारी १८८७ला पुण्यात मृत्यू. वय पुरतं बावीसही नाही. पण अंजली कीर्तने यांचं चरित्र आणि मीरा कोसंबी यांचं संशोधन आलं, तेव्हा विचार करणारी, वाद घालणारी आनंदी आपल्यासमोर आली. सामग्री होती. ओढ कमी पडली ती आपली, वाचकांची.

रखमाबाईंकडे पाहा. लंडनला शिकून १८९४ साली पात्र झाल्या, आणि सुरत, राजकोट इथे कित्येक दशकं रुग्ण तपासले. त्या आपल्याला आठवतात त्या दादाजी भिकाजीच्या खटल्यामुळे. एकीला नवऱ्याने शिकवलं म्हणून, दुसरीने नवरा नाकारला म्हणून. दोघी डॉक्टर होत्या, हे आपण जाता जाता सांगतो.

भाचीला रात्री फोन केला. विचारलं, शरीर उघडून बघायची भीती वाटते का गं? ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “मावशी, हे मला आत्तापर्यंत कुणी विचारलंच नाही.” त्यानंतर आम्ही तासभर बोललो.