आवाज वाढला, म्हणून दाद दिली?

मंडळी, एकाच कार्यक्रमात लागोपाठ दोन डीजे वाजवतात, तेव्हा घरी जाताना आपण काय म्हणतो? पहिला बरा होता, पण दुसऱ्याने मजा आणली, काय बेस होता! आम्हाला वाटतं, यातली निम्मी दाद मशीनची असते.

बघा, मधल्या वेळात मिक्सर बदलतो. घरगुती उपकरणांच्या आउटपुटची ठरीव पातळी उणे १० डीबीव्ही, व्यावसायिक उपकरणांची अधिक ४ डीबीयू. म्हणजे जवळजवळ १२ डेसिबलचा फरक. आणि १० डेसिबल वाढले, की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. शिवाय फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच दाखवून दिलं, की आवाज चढला की खर्जातला भाग जास्त भरीव ऐकू येतो. बेस कुणी वाढवलाच नव्हता, नुसती लेव्हल चढली होती!

म्हणून मशीन बदलताना आधी मास्टर खाली घ्यायचा. ईक्यूचे नॉब मधोमध आणायचे. मीटर बघून गेन लावायचा, लाल दिवा लागता कामा नये. मग मास्टर हळूहळू चढवून आधीच्या आवाजाशी जुळवायचा. ईक्यूला हात सगळ्यात शेवटी, आणि तोही वाढवण्याआधी कमी करून बघायचं.

दोन मिनिटांचं काम आहे हो. पण ते टाळलं, तर पहिल्याने निवडलेली, जोडलेली गाणी आपण न ऐकताच नापास करतो. समीक्षा करायची, तर आधी लेव्हल सारखी हवी.