शिक्का मारणारा हात

अमेरिकन चित्रपट-समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी 2010 साली व्हिडिओ गेम ही कला कदापि होऊ शकणार नाही असा निकाल दिला, तेव्हा त्यांची कारणे, म्हणजे खेळाला नियम असतात, तो जिंकता येतो, आणि कलाकृतीवर निर्मात्याची जी अखंड सत्ता असावी लागते ती खेळणाऱ्याच्या लहरीने खंडित होते, ही वाटतात तितकी उथळ नव्हती. आणि त्यानंतर जो गदारोळ उसळला त्यात गेमची वकिली करणाऱ्या बहुतेकांनी आपल्या अशिलाचा दावा नेमक्या चुकीच्या मुद्द्यावर लढविला. त्यांनी चित्रांची शोभा दाखविली, संगीताचे माधुर्य ऐकविले, डोळ्यांत पाणी आणणारे प्रसंग पुढे केले, म्हणजे जे जे चित्रपटाला आधीच साधले होते ते ते आपल्यालाही साधते एवढेच सिद्ध केले. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ग्रंथ, नाटक आणि चित्रपट यांना असलेले अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण गेमनाही लागू केले, आणि 2012 मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने चौदा गेम आपल्या दप्तरी दाखल करून घेतले. परंतु न्यायालयाचा हुकूमनामा आणि संग्रहालयाची नोंद यांनी प्रतिष्ठा मिळते. कथनाच्या क्षेत्रात या माध्यमाने स्वतःची अशी कोणती भर घातली, या प्रश्नाचे उत्तर त्यांत सापडत नाही.

ते शोधू जाणाऱ्याने 2013 या एका वर्षाचा पदार्थपाठ घ्यावा. त्या वर्षीच्या जूनमध्ये कॅलिफोर्नियातील नॉटी डॉग या संस्थेचा 'द लास्ट ऑफ अस' प्रसिद्ध झाला. बुरशीच्या साथीने उद्ध्वस्त झालेल्या अमेरिकेतून एका पोरक्या मुलीला घेऊन निघालेल्या, स्वतःची मुलगी गमावून बसलेल्या पुरुषाची ही कथा अभिनय, संवाद आणि संयम या तिन्ही कसोट्यांवर इतकी उतरते की तिच्याविषयी तक्रार करणे कृतघ्नपणाचे वाटावे. तरी तक्रार आहे. खेळणारा लपतो, गोळ्या झाडतो, कात्री आणि चिंध्या गोळा करतो, आणि कथा बहुतांशी त्याच्या हातांना विश्रांती देऊन मधल्या चित्रफितींत सांगितली जाते. अखेरीस इस्पितळात त्या मुलीला वाचविण्यासाठी शस्त्रवैद्यावर शस्त्र चालविण्याचे काम जेव्हा चित्रफितीकडे न सोपविता खेळणाऱ्याच्याच बोटांकडे सोपविले जाते, तेव्हा मात्र ही कृती आपली जात ओळखते. कारण त्या क्षणी मन नाही म्हणत असते आणि हाताला पुढे जावे लागते. 2023 मध्ये या गेमवर दूरचित्रवाणी मालिका निघाली आणि ती गाजली. मूळ कथेचा इतका मोठा अंश तिच्यात विनासायास उतरला, की तो मुळात गेमच्या आधाराने उभा होता की त्याच्या शेजारी, अशी शंका येते.

2013 च्याच ऑगस्टमध्ये ल्यूकस पोप या, पूर्वी नॉटी डॉगमध्येच नोकरी केलेल्या गृहस्थाने जवळजवळ एकट्याने रचलेला 'पेपर्स, प्लीज' बाहेर आला. त्यात निसर्गशोभा नाही, वीर नाही, आणि धूसर, ओबडधोबड चित्रांचे सौंदर्य असलेच तर ते सरकारी कचेरीच्या भिंतीचे आहे. 1982 सालचे आर्स्टोट्स्का नामक कल्पित कम्युनिस्ट राष्ट्र, त्याच्या सरहद्दीवरील एक नाका, आणि सोडतीत नाव निघाल्यामुळे तेथे नेमला गेलेला एक तपासनीस, हा सारा मामला. रांगेतील माणसाने पारपत्र, प्रवेश-परवाना, ओळखपत्र पुढे सरकवावे. आपण मुदत, छायाचित्र, गावाचे नाव यांतील तफावत हुडकून हिरवा किंवा तांबडा शिक्का मारावा. मजुरी दर माणशी मिळते, रोज नवे फर्मान निघते, दस्तऐवजांची संख्या वाढत जाते, आणि संध्याकाळी हिशेबाच्या तक्त्यावर भाडे, अन्न आणि शेगडी यांच्यापुढे बायको, मुलगा, सासू आणि मामा यांची प्रकृती एकेका शब्दात नोंदलेली दिसते.

एके दिवशी एक गृहस्थ येतो. त्याचे कागद चोख असतात. जाता जाता तो एवढेच सांगतो की मागे माझी पत्नी आहे, तिच्याशी दयेने वागा. तिच्यापाशी प्रवेश-परवाना नसतो. तिला आत सोडले तर चूक आपल्या नावावर चढते. आता येथील कारागिरी पाहण्याजोगी आहे: दिवसातील पहिल्या दोन चुकांना केवळ ताकीद मिळते, दंड तिसरीपासून पडतो. हा नियम निर्मात्याने कोठेही नैतिक प्रवचनाचा आव न आणता मांडला आहे, पण त्याचा परिणाम असा होतो की थोडाबहुत सहृदय असलेला खेळणारा आपल्या दोन ताकिदी राखून ठेवू लागतो, कोण जाणे पुढे एखादी दीनवाणी बाई येईल म्हणून. आणि ज्या दिवशी त्या दोन्ही निष्काळजीपणात आधीच खर्च झालेल्या असतात, त्या दिवशी तो तिला परत पाठवितो. दयेचा असा जमाखर्च ठेवावयास लावणारी राज्ययंत्रणा कशी असते, हे कादंबरीकाराने सांगितले तर आपण मान डोलावतो. येथे ते वहीखाते आपल्याच हस्ताक्षरात भरलेले असते. या गेमवर 2018 मध्ये एक लघुपट निघाला. त्यात तपासनिसाचा चेहरा उत्तम दिसतो, मात्र रांग लांबत असताना घड्याळाकडे पाहणाऱ्या माणसाला वाटणारी घाई त्यात नाही, आणि मूळ कृतीचे मर्म त्या घाईत आहे.

पोप यांच्याच 2018 मधील 'रिटर्न ऑफ द ओब्रा दिन' या कृतीत खेळणारा ईस्ट इंडिया कंपनीचा विमा-तपासनीस असतो आणि निर्मनुष्य परतलेल्या जहाजावरील साठ जणांचे काय झाले हे त्याला नोंदवहीत लिहावयाचे असते. शोकांतिका तेथे नोंदीनोंदीने उलगडते.

खेळणाऱ्याच्या हाताची ही जाणीव इतरांना नव्हती असे नव्हे. 'बायोशॉक' (2007) या गेममध्ये समुद्रतळावरील नगरीतून आपण स्वेच्छेने भटकत आहोत असे मानणाऱ्या खेळणाऱ्याला मध्यावर कळते की आपण एका आर्जवी वाक्प्रयोगाचे केवळ गुलाम होतो. कल्पना असामान्य, पण ते कळल्यानंतरही खेळ आपल्याला पूर्ववत हुकूम पाळावयास लावतो, आणि गेम-रचनाकार क्लिंट हॉकिंग यांनी त्याच वर्षी कथा व क्रीडा यांच्यातील विसंगतीबद्दल या कृतीला जो दोष दिला तो तिला कायमचा चिकटला. 'स्पेक ऑप्स : द लाइन' (2012) नागरिकांवर पांढरा फॉस्फरस टाकावयास लावून मग खेळणाऱ्यालाच अपराधी ठरवितो, दुसरी वाट उघडी न ठेवता केलेला हा आरोप मला तरी कुभांडासारखा वाटतो.

याच्या उलट टोकाला एस्टोनियातील रॉबर्ट कुर्वित्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 'डिस्को एलिसियम' (2019) आहे. स्मृती हरपलेला एक मद्यपी गुप्त पोलीस, झाडाला लटकणारे एक प्रेत, आणि त्या पोलिसाच्या डोक्यात एकमेकांवर कुरघोडी करणारे चोवीस आवाज, एवढ्या भांडवलावर दहा लाखांहून अधिक शब्दांची ही संहिता उभी आहे. कुर्वित्झ यांची याच विश्वातील एस्टोनियन कादंबरी 2013 मध्ये फारशी खपली नव्हती. तेच विश्व येथे जिवंत झाले याचे श्रेय मी फाशांना देतो: दान चुकले तर येथे खेळ अडत नाही, फजिती होते, आणि त्या फजितीतून नायकाच्या स्वभावाचा एखादा असा कोपरा उघडतो जो यशस्वी दानात झाकलेलाच राहिला असता. कथा पराभवावर पोसता येते हे कादंबरीला ठाऊक होते. खेळाला ते उशिरा उमगले.

आपल्याकडे ज्ञानेश्वरांच्या नावाशी परंपरेने जोडल्या गेलेल्या मोक्षपटातही, म्हणजे जुन्या सापशिडीतही, घराघरांतून पापपुण्याची कथाच मांडलेली असते, पण तेथे सारे दान दैवाचे असल्याने खेळणाऱ्यावर दायित्व येत नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 2020 मध्ये 'राजी : ॲन एन्शन्ट एपिक' काढला, तेव्हा ती उणीव भरून निघण्याची अपेक्षा होती. असुरांनी पळविलेल्या भावाच्या शोधात निघालेल्या मुलीची ही कथा डोळ्यांना तृप्त करते, तिच्यातील छायाबाहुल्यांचे प्रवेश मोहक आहेत. मात्र कथा दुर्गा आणि विष्णू यांच्या निवेदनातून ऐकावयाची आणि हातांनी केवळ लढावयाचे, ही जुनीच विभागणी तेथेही कायम राहते. टोरोंटोत तयार झालेला 'वेन्बा' (2023) आकाराने किरकोळ आहे, पण परदेशी स्थायिक झालेल्या तमिळ आईच्या पाककृतींच्या फाटक्या वहीतील अस्पष्ट ओळी अंदाजाने भरून पदार्थ सिद्ध करावा लागतो, तेव्हा तुटत चाललेली परंपरा खेळणाऱ्याच्या चुकांतूनच प्रतीत होते.

या साऱ्या विवेचनाला एक व्यावहारिक अडचण आहे. 1983 मध्ये स्टीव्ह मेरेत्स्की यांनी 'प्लॅनेटफॉल' या निव्वळ अक्षरांच्या गेममध्ये फ्लॉइड नावाच्या यंत्रमानवाला खेळणाऱ्यासाठी प्राण द्यावयास लावले, आणि तेव्हापासूनची चार दशकांची परंपरा तपासल्यावाचून आजच्या कृतींचे मोल ठरविणे धाडसाचे होईल. परंतु व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या 2023 मधील पाहणीप्रमाणे 2010 पूर्वी अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या गेमपैकी 87 टक्के आज बाजारात मिळत नाहीत. ज्या कृतीचा अर्थ खेळणाऱ्याच्या हातातून निष्पन्न होतो, तिचे वर्णन वाचून किंवा दुसऱ्याला खेळताना पाहून भागत नाही. तरीही असे दुर्मिळ गेम अभ्यासकांना दूरस्थ रीतीने खेळू देण्यासाठी ग्रंथालयांच्या वतीने मागितलेली सवलत अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने 2024 च्या ऑक्टोबरात नामंजूर केली, आणि ज्याला त्यांचा अभ्यास करावयाचा आहे त्याला ते जेथे जतन केलेले असतील त्या इमारतीपर्यंत जातीने जाणे भाग आहे.