चार दिवसांची दुकानदारी

ईए स्पोर्ट्सचा ‘क्रिकेट 07’ नोव्हेंबर 2006 मध्ये बाजारात आला. संगणकासाठी क्रिकेटचा गेम काढण्याची त्या कंपनीची ती शेवटची खेप. आयपीएल सुरू झाली एप्रिल 2008 मध्ये. म्हणजे तारखा पाहता या गेममध्ये मुंबई इंडियन्स असायचे काही कारणच नव्हते. तरी पुण्या-नाशकाच्या होस्टेलांवर पुढे कित्येक वर्षे याच गेमवर आयपीएल रंगली. नव्या जर्सी, नवे चेहरे, नव्या बॅटी, बदललेले संघ हे सगळे कोणीतरी जागून बनवत होते आणि ‘पॅच’ म्हणून फुकट वाटत होते. गेम मालकाने टाकून दिला होता. चालवला तो खेळणाऱ्यांनी.

यालाच मॉडिंग म्हणतात. दुसऱ्याच्या गेममध्ये भर घालायची, त्याची मोडतोड करायची, कधी त्यातून निराळाच गेम उभा करायचा. तीस वर्षांत या कलेने व्हिडिओ गेमच्या जगाला जेवढे नवे प्रकार दिले तेवढे मोठमोठ्या स्टुडिओंनाही देता आलेले नाहीत. आणि तरीही मॉडरने आपल्या कामाचे पैसे मागितले की वातावरण बिघडते. पैसे मागणारा लोभी ठरतो, फुकट देणारा संत. मला ही वाटणी पटत नाही. मॉडरने पैसे घ्यावेत, असे माझे मत आहे. मात्र कशाचे घ्यावेत याचे आजवर जे प्रयोग झाले त्यांतले बहुतेक चुकीच्या जागी झाले आणि त्यांनी कलाही सुधारली नाही, कलावंतही पोसला नाही.

‘पैशाने मॉडिंग नासेल’ असे म्हणणारे एक गोष्ट विसरतात. पैसा इथे पहिल्यापासून आहे, फक्त तो मॉडरकडे येत नाही. 1990 च्या दशकात ‘ड्यूक न्यूकेम 3डी’ या गेमसोबत लेव्हल बनवण्याचे साधनच दिलेले होते. लोकांनी हौसेने लेव्हल बनवल्या आणि इंटरनेटवर टाकल्या. मायक्रो स्टार नावाच्या कंपनीने त्यांतल्या 300 गोळा करून ‘न्यूक इट’ या सीडीवर विकायला काढल्या. गेमची हक्कदार कंपनी फॉर्मजेन आणि मायक्रो स्टार यांचा वाद अमेरिकेच्या नवव्या सर्किट न्यायालयात गेला आणि 1998 मध्ये निकाल फॉर्मजेनच्या बाजूने लागला. या लेव्हल म्हणजे ड्यूकच्या गोष्टीचे पुढचे भागच आहेत आणि पुढचे भाग काढण्याचा हक्क मूळ मालकाचा, असे न्यायालयाचे म्हणणे. कायद्याच्या दृष्टीने निकाल चोख होता. पण ज्यांनी त्या 300 लेव्हल बनवल्या ते या भांडणात कुठेच नव्हते. मॉडिंगच्या अर्थकारणाचा पाया हाच: काम एकाचे, हक्क दुसऱ्याचा, आणि मधल्यामध्ये हात मारायला तिसरा टपलेला.

त्यातून सुटण्याची एक वाट होती, ती म्हणजे कंपनीने मॉडरलाच उचलून नेणे. ‘काउंटर-स्ट्राइक’ हा ‘हाफ-लाइफ’चा मॉड. कॅनडात शिकणारा मिन्ह ली आणि त्याचा साथीदार जेस क्लिफ यांनी 1999 मध्ये तो बाहेर काढला आणि वर्षभरात ‘हाफ-लाइफ’च्याच व्हॉल्व्ह कंपनीने मॉडसकट दोघांनाही आपल्यात घेतले. आपल्याकडे सायबर कॅफेत तासाच्या दराने ज्यावर पोरांचे खिसे रिकामे झाले तो हाच गेम. ‘वॉरक्राफ्ट 3’च्या एका नकाशातून निघालेल्या ‘डोटा’ची गोष्ट जास्त गुंतागुंतीची. तो एकापाठोपाठ एक अनेक हातांतून वाढला. त्यांतला गिन्सू या नावाने वावरणारा रायट कंपनीत गेला आणि 2009 मध्ये ‘लीग ऑफ लेजंड्स’ आला. आइसफ्रॉग नावाचा दुसरा व्हॉल्व्हमध्ये गेला आणि ‘डोटा 2’ झाला. ज्या ब्लिझर्ड कंपनीच्या गेममध्ये हे सगळे रुजले तिच्या हाती यातला गल्ला आला नाही. ती खंत कंपनीला किती टोचली हे 2020 मध्ये ‘वॉरक्राफ्ट 3: रीफोर्ज्ड’सोबत आलेल्या नियमांत दिसते: या गेममध्ये कोणीही काहीही बनवले तरी मालकी ब्लिझर्डची. पुढचा ‘डोटा’ बाहेर जाऊ नये म्हणून लावलेली ही कडी. असे कुलूप लावलेल्या घरात पुढचा ‘डोटा’ बनवायला कोण बसेल, याचा विचार बहुधा कोणी केला नसावा.

आणि पबजी? ‘आर्मा 2’ या लष्करी गेमवर ‘डेझेड’ हा मॉड, त्या मॉडवर ब्रेंडन ग्रीन या आयरिश माणसाचा ‘बॅटल रॉयल’ हा मॉड, आणि त्यातून कोरियातल्या ब्लूहोलने त्याला बोलावून घेतल्यावर 2017 मध्ये झालेला पबजी. सप्टेंबर 2020 मध्ये भारत सरकारने पबजी मोबाइलवर बंदी घातली तेव्हा गावोगावच्या पारांवर ज्याची हळहळ झाली तो गेम अशा मॉडच्या मॉडमधून आलेला.

ही यशाची उदाहरणे मुद्दाम सांगितली, कारण ‘चांगला मॉड बनवा, नोकरी मिळेल’ हा युक्तिवाद कंपन्यांना फार आवडतो. लॉटरी लागलेल्यांची नावे सांगून तिकिटे खपवण्यातला हा प्रकार. शेकडो तास घालवूनही ज्यांना कोणी बोलावले नाही त्यांचे काय, हे त्यात येत नाही.

थेट विक्रीचा मोठा प्रयोग झाला तो 23 एप्रिल 2015 रोजी. व्हॉल्व्ह आणि ‘स्कायरिम’ची मालक कंपनी बेथेस्डा यांनी त्या गेमचे मॉड व्हॉल्व्हच्या स्टीम या ऑनलाइन दुकानात विकत देण्याची सोय सुरू केली. चार दिवसांनी, 27 एप्रिलला, दुकान बंद झाले आणि ज्यांनी घेतले होते त्यांना पैसे परत मिळाले. लाखाहून अधिक लोकांनी निषेधाच्या अर्जावर सह्या केल्या. व्हॉल्व्हचा प्रमुख गेब न्यूएल स्वतः लोकांशी वाद घालायला उतरला, आणि त्यात त्याने सांगून टाकले की तोवरची एकूण विक्री दहा हजार डॉलरच्या आसपास आहे.

या चार दिवसांकडे ‘ग्राहकांचा विजय’ म्हणून पाहायची रीत पडली आहे. निषेध करणाऱ्यांत फुकट्यांचा भरणा होता हे उघड आहे, आणि त्यांनी काही मॉडरांना ज्या भाषेत धमकावले ते लाजिरवाणे होते. पण ती योजनाच मुळात वाईट होती. शंभर रुपयांतले तीस व्हॉल्व्हला, पंचेचाळीस बेथेस्डाला आणि पंचवीस मॉडरला. आपल्याकडे हौशी संघ नाटक बसवतो तेव्हा लेखकाला मानधन देतो, थिएटरचे भाडे भरतो, आणि त्याबद्दल कोणाची तक्रार नसते. पण भाडे आणि मानधन मिळून पाऊण गल्ला जात असेल आणि नट, दिग्दर्शक, प्रकाशयोजनाकार उरलेल्या पावात भागवत असतील, तर त्या नाटकाला कोणी ‘रंगकर्मींना न्याय’ म्हणणार नाही.

वाटणीपेक्षाही मोठा घोळ दुसरीकडे होता. पहिल्याच यादीतला मासेमारीचा एक मॉड बनवणाऱ्याने तातडीने मागे घेतला, कारण त्यातल्या हालचाली दुसऱ्या एका मॉडरच्या फुकट कामावर उभ्या होत्या आणि त्या माणसाची विक्रीला संमती नव्हती. चोरीपेक्षा हा या कलेच्या बांधणीचाच भाग होता. ‘स्कायरिम’चा कोणताही मोठा मॉड उघडून पाहा: त्याला एक स्क्रिप्ट एक्स्टेंडर लागतो, मेनूसाठी ‘स्काययूआय’ लागतो, हालचालींसाठी आणखी एक साधन लागते, आणि ही सगळी वेगवेगळ्या देशांतल्या, एकमेकांना कधी न भेटलेल्या माणसांनी फुकट दिलेली. वरचा मजला विकायचा म्हटले की खालचे सगळे मजलेवाले दाराशी येणार. ‘स्काययूआय’च्या मंडळींनीही नवी आवृत्ती विकत द्यायचे ठरवले तेव्हा तर हजारो मॉडांचा पायाच विक्रीला निघाल्यासारखे झाले.

त्यात हमीचा प्रश्न. विकत घेणाऱ्याला 24 तासांच्या आत पैसे परत मागता येत होते, पण सहा महिन्यांनी गेमची नवी आवृत्ती आली आणि मॉड चालेनासा झाला तर? ही भीती काल्पनिक नाही. ‘फॉलआउट: लंडन’ हा लंडनचे अख्खे नवे जग उभे करणारा फुकट मॉड 23 एप्रिल 2024 रोजी यायचा होता. त्याच आठवड्यात बेथेस्डाने ‘फॉलआउट 4’ची मोठी अद्ययावत आवृत्ती काढली आणि मॉड जुलैपर्यंत लांबला. शेवटी जुनी आवृत्ती परत बसवण्याची सोय करूनच तो द्यावा लागला. स्वतःच्या हातात नसलेल्या पायावर उभी वस्तू विकणाऱ्याने कोणती हमी द्यायची?

बेथेस्डा यातून एक धडा शिकली आणि माझ्या मते चुकीचा शिकली. ऑगस्ट 2017 मध्ये ‘क्रिएशन क्लब’ आला. इथे मॉडरशी आधी करार, कामाच्या टप्प्यांनुसार पैसे, कंपनीकडून तपासणी. व्यवहार म्हणून 2015 पेक्षा पुष्कळ बरा. पण कलेच्या बाजूने त्याची यादी चाळून पाहावी: चिलखते, बंदुका, रंग, पाठीवरच्या पिशव्या, राहायला घर, पाळीव प्राणी. काही वस्तू देखण्या आहेत, पण धाडस जवळपास नाही. 2006 मध्ये हीच कंपनी ‘ऑब्लिव्हियन’मध्ये घोड्याचे चिलखत अडीच डॉलरला विकून जगभर हसे करून घेत होती; अकरा वर्षांनी तेच चिलखत ती मॉडरकडून शिवून घेऊ लागली. डिसेंबर 2023 मध्ये ‘क्रिएशन्स’ ही पुढची योजना आल्यावर नोंदणीकृत मॉडरांना स्वतःच्या विक्रीतला वाटा मिळू लागला आणि काही मोठ्या मोहिमाही आल्या. तरी एकूण कल सुट्या, पटकन खपणाऱ्या वस्तूंकडेच राहिला. वस्तूगणिक किंमत लावली की अशाच वस्तू बनतात.

याउलट निक पिअर्स या ऑस्ट्रेलियन वकिलाने फावल्या वेळात तीन वर्षे खपून ‘स्कायरिम’मध्ये ‘द फरगॉटन सिटी’ रचली. एकाने पाप केले की सगळ्यांना शिक्षा, असा कायदा असलेले एक जमिनीखालचे शहर, आणि काळाच्या फेऱ्यात अडकलेला खेळाडू. तलवारबाजीपेक्षा संवादावर चालणारी ही गोष्ट 2015 मध्ये फुकट आली आणि तिला ऑस्ट्रेलियन रायटर्स गिल्डचा पुरस्कार मिळाला. जर्मनीच्या ‘शूअरएआय’ गटाने 2016 मध्ये दिलेला ‘एंडेराल’ तर अख्खे निराळे जग आहे, खिन्न आणि मूळ गेमपेक्षा पुष्कळ ठिकाणी अधिक चांगले लिहिलेले. अशी कामे दुकानाच्या कपाटात मावत नाहीत. ‘खपेल का’ हा प्रश्न कोणी विचारला नाही म्हणून ती झाली.

पण म्हणून फुकटेपणाची आरती ओवाळावी असे मला वाटत नाही. घोषणा होऊन वर्षानुवर्षे अर्धवट पडलेल्या मोठ्या मॉडांची रांग लांब आहे. नोकरी लागते, मूल होते, उत्साह आटतो. पिअर्सनेही पुढे वकिली सोडली आणि त्याच कल्पनेवर ‘स्कायरिम’शिवाय चालणारा गेम 2021 मध्ये विकत दिला. मॉडची पुण्याई घेऊन आपले घर बांधणे, हीच आजवरची सर्वांत भरवशाची कमाई.

मधला मार्ग म्हणून पॅट्रिऑन या साइटवरची दरमहा वर्गणी रूढ झाली. यात दोन प्रकार आहेत आणि त्यांची गल्लत होते. एक, मॉड सगळ्यांना फुकट, वर्गणीदारांना थोडा आधी. ‘सिम्स 4’च्या जगात हा प्रकार मुरला आहे. त्या गेमची मालक कंपनी ईएने 2022 मध्ये आधी विक्रीवर बंदीची भाषा केली आणि मग ‘वाजवी’ काळापुरता आगाऊ लाभ चालेल असे मान्य केले. वाजवी म्हणजे किती, हे सांगितले नाही. पण दिशा बरोबर होती. दुसरा प्रकार कुलूपबंद. 2023 मध्ये बेथेस्डाचा ‘स्टारफिल्ड’ आला तेव्हा त्यात एनव्हिडियाचे डीएलएसएस, म्हणजे गेम अधिक सुरळीत चालवणारे तंत्र, नव्हते. एका मॉडरने ते बसवून दिले, पण वर्गणीमागे आणि वर कॉपी-संरक्षण घालून. दुसऱ्यांनी तसाच मॉड फुकट टाकला, कुलूप फोडले गेले, आणि दोनेक महिन्यांत बेथेस्डानेच ती सोय अधिकृतपणे दिली. पाच डॉलर, म्हणजे चारशेहून जास्त रुपये, एका तांत्रिक दुरुस्तीसाठी मोजणाऱ्या इथल्या विद्यार्थ्याच्या हाती काय उरले?

दुरुस्ती, पाया आणि साधने यांच्यावर किंमत लावू नये, कारण त्यांच्यावर बाकीच्यांचे काम उभे असते. त्यांचा खर्च मालक कंपनीने उचलावा, कारण गेमचे आयुष्य त्यांनी वाढते. मॉड वाटणाऱ्या नेक्सस मॉड्स या साइटने 2018 पासून डाउनलोडच्या प्रमाणात मॉडरांना निधी वाटायला सुरुवात केली. रक्कम छोटी, पण पैसे साइट देते, खेळाडू नाही. स्वतंत्रपणे उभ्या राहू शकणाऱ्या मोठ्या कृतीला मात्र किंमत लावायला काहीच हरकत नाही, आणि मालकाने तशी परवानगी सहज द्यावी. व्हॉल्व्हने ती दिल्याची उदाहरणे आहेत. ‘गॅरीज मॉड’ 2004 मध्ये फुकट होता, 2006 पासून विकत झाला आणि अजून खपतो. ‘ब्लॅक मेसा’ हा चाहत्यांनी नव्याने घडवलेला ‘हाफ-लाइफ’ 2012 मध्ये फुकट आला. व्हॉल्व्हच्या संमतीने त्याची सुधारित आवृत्ती 2015 पासून विकत मिळू लागली आणि 2020 मध्ये पूर्ण झाली. शेवटचे प्रकरण, जे मूळ गेममध्येही फसले होते, ते या मंडळींनी पाच वर्षे घेऊन नव्याने रचले. पैसे येत नसते तर तेवढा वेळ त्यांना मिळाला नसता. आणि 2012 ची फुकट आवृत्ती त्यांनी काढून घेतली नाही.