लक्ष्मीबाईंचा धीर

धीर या गुणाविषयी आपल्या समाजात एक गैरसमज रूढ झालेला आहे. मुकाट्याने सोसणे म्हणजेच धीर, असे आपण मानतो. आणि तो धरण्याचा उपदेश घरातल्या सुनेला, आजाऱ्याला, गरिबाला, म्हणजे ज्याच्यापुढे दुसरा मार्गच नसतो त्यालाच करतो. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'चे वाचनही पुष्कळदा याच दृष्टीने होते. 'किती सोशिक बाई!' असे म्हणून पुस्तक मिटले जाते. आमच्या मते हा त्या ग्रंथावर अन्याय आहे आणि धीर या सद्गुणावरही.

1934 साली या आत्मचरित्राचा पहिला भाग प्रसिद्ध झाला. टिळक पतिपत्नी प्रोटेस्टंट पंथाची असली, तरी मराठी ख्रिस्ती वाचकाने हा ग्रंथ पंथभेद न मानता आपला मानला आहे. त्यातील मध्यवर्ती प्रसंग सर्वपरिचित आहे. 1895 साली नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंच्या पायांखालची जमीन सरकली. पती हयात असून संसार उरला नाही. लहानग्या दत्तूला घेऊन त्यांना बहिणीच्या आश्रयास राहावे लागले. पुढे त्या टिळकांकडे परतल्या, पण आपले सोवळे सांभाळूनच. 1900 साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला.

या पाच वर्षांत लक्ष्मीबाई मुक्या राहिल्या काय? मुळीच नाही. त्या रडल्या, रागावल्या, आपले दुःख त्यांनी लपविले नाही. पती ख्रिस्ती झाला म्हणून त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत. जातिभेद मनुष्यानेच निर्माण केला आहे, हे मनाला पटल्यावर त्यांनी सोवळे सोडले. मधल्या काळात त्यांनी एकच गोष्ट केली नाही: नाते तोडले नाही. टिळकांनीही पत्नीवर धर्मांतराची सक्ती केली नाही. म्हणजे वाट दोघांनीही पाहिली. एकाच्या श्रद्धेने दुसऱ्याच्या विवेकाला दिलेला अवधी, हाच या प्रकरणाचा गाभा आहे, असे आम्हांस वाटते.

येथे ईयोबाची आठवण होते. सहनशीलतेचा आदर्श म्हणून याकोबाच्या पत्रात त्याचा निर्देश आहे. पण मूळ ग्रंथ उघडून पाहावा. पहिल्या दोन अध्यायांतील शांत ईयोब तिसऱ्या अध्यायात आपल्या जन्मदिवसाला शाप देतो आणि पुढे दीर्घकाळ देवाशी वाद घालतो. तरीही अखेरच्या अध्यायात देव दोष देतो तो त्याला गप्प करू पाहणाऱ्या मित्रांना. ईयोबाने तक्रार केली, पण देवाकडे पाठ फिरविली नाही. संत थॉमस अक्वायनस सहनशीलतेची गणना धैर्याच्या अंगांत करतात, त्याचे मर्म येथे उलगडते. धीर हे दुबळ्याचे लक्षण नव्हे.

लक्ष्मीबाईंचा हा धीर त्यांच्या लेखनशैलीतही उतरला आहे. वडिलांचे सोवळ्याचे वेड असो की टिळकांचा हातात पैसा न टिकणारा स्वभाव असो, त्या घडले तसे सांगतात. निकाल देण्याची घाई नाही आणि स्वतःची कीवही नाही. वाक्ये छोटी, बोलण्यातली. आणि ऐन दुःखाच्या जागी एखादा मिस्कील शेरा. हा विनोद रागाला आवर घालतो, पण सत्य झाकीत नाही.

अर्थात या शैलीला एक मर्यादाही आहे. हे लेखन वार्धक्यातले आहे. क्षमा करून झाल्यावर केलेले आहे. त्यामुळे त्या वेळचा दाह कित्येक ठिकाणी हसण्याखाली निवालेला दिसतो. वाचकाने त्या हसण्यावरून लक्ष्मीबाईंना फारसे सोसावे लागले नसेल असे समजू नये. आणि त्यांचे उदाहरण पुढे करून दुसऱ्या स्त्रीला गप्प तर मुळीच बसवू नये.

त्यांच्या धीराची शेवटची साक्ष 'स्मृतिचित्रे'च्या बाहेर आहे. 1919 साली टिळक निवर्तले, तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' हे काव्य अपुरे होते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईने ते पुढे नेले. 1936 साली त्यांचे निधन झाले. ग्रंथ छापून आला तो 1938 साली. छापील पुस्तक पाहण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही. तरी ओळीमागून ओळ लिहिली गेली होती.

संत पौलाने प्रीतीची लक्षणे सांगताना सहनशीलतेला पहिले स्थान दिले आहे. तेव्हा आपल्या घरात कोणाला धीराचा उपदेश करण्यापूर्वी आपण एक प्रश्न स्वतःस विचारावा: या माणसाने धीर धरावा असे आपण म्हणतो, त्याच्यासाठी आपण स्वतः किती थांबावयास तयार आहोत? 'स्मृतिचित्रे' पुन्हा हाती घ्यावयाचे ते हा प्रश्न मनाशी ठेवून.