परिशिष्टातले फोटो

मानवशास्त्राच्या संशोधनात लेखणी आता बरीच धीट झाली आहे. कॅमेरा मात्र अजून हुकमाचा ताबेदारच आहे. आपल्याकडे तर फारच.

लेखणीलाही हे धैर्य सहज आलं नाही. ब्रॉनिस्लाव मॅलिनोव्स्की ट्रॉब्रियंड बेटांवर राहिला आणि स्थानिकांच्या नजरेतून त्यांचं जग पाहावं, असं त्याने साऱ्या अभ्यासकांना शिकवलं. १९६७ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर २५ वर्षांनी, त्याची खासगी डायरी छापली गेली. तीत हाच गुरू त्याच स्थानिकांवर वैतागलेला, चिडलेला दिसला आणि मोठी खळबळ उडाली. लॉरा बोहॅनन यांनी नायजेरियातले अनुभव १९५४ साली कादंबरीत मांडले, तेही टोपणनाव घेऊन. शास्त्रज्ञाची अब्रू सांभाळायची होती ना! पुढे जेम्स क्लिफर्ड आणि जॉर्ज मार्कस यांनी संपादित केलेलं ‘रायटिंग कल्चर’ १९८६ मध्ये आलं. संशोधकाने केलेलं वर्णन हीही एक रचना असते, तिच्यामागे आवडीनिवडी असलेला लेखक असतो, हे त्यानंतर उघडपणे बोललं जाऊ लागलं. नाशिकच्या एका स्वामींच्या कथाकथनावर १९८९ मध्ये पुस्तक लिहिणाऱ्या किरीन नारायण २०१२ मध्ये चेकॉव्हला सोबतीला घेऊन संशोधकांना लिहायचं कसं, ते शिकवतात आणि त्यात कुणाला वावगं वाटत नाही.

मराठीत हा वाद उशिरा पोचला, पण त्यातला माल आधीच आपल्या घरात होता. डेक्कन कॉलेजात बसून ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ (१९५३) सारखा ग्रंथ सिद्ध करणाऱ्या इरावती कर्वे वारीबरोबर चालत गेल्या आणि त्यावर त्यांनी लेख लिहिला. दिंडीत नामाचा गजर एक, पण ब्राह्मणांची आणि मराठ्यांची पंगत वेगळी. हे त्या टिपतात, आणि त्यांना ते कसं खुपलं, तेही लपवत नाहीत. निरीक्षण कुठे संपलं आणि अस्वस्थता कुठे सुरू झाली, हे दाखवता येत नाही. लेखाची ताकद तिथेच आहे. १९६२ मध्ये त्याचं इंग्रजी भाषांतर ‘जर्नल ऑफ एशियन स्टडीज’मध्ये आलं, आणि वारीच्या अभ्यासकांना आजही त्याला बगल देता येत नाही. म्हणजे परदेशी तो संशोधनात जमा, आपल्याकडे ललित लेखात! लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ आणि लक्ष्मण गायकवाड यांचं ‘उचल्या’ यांच्या वाट्यालाही काहीसं हेच आलं. ज्या समाजांबद्दल बाहेरच्यांनी गॅझेटिअरं भरली, त्यांतल्याच माणसांनी आतून लिहिलं. आमचे संशोधक त्यातले उतारे ‘आधार’ म्हणून घेतात. त्यातली सांगण्याची रीत मात्र कुणी घेत नाही.

आता कॅमेरा. त्याचा इतिहास मुंबईतच तपासता येतो. विल्यम जॉन्सनने १८६३ आणि १८६६ मध्ये मुंबईतल्या जातीजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड काढले. माणसांचे गट एकीकडे टिपायचे, मागचा देखावा दुसरीकडून आणून जोडायचा आणि खाली जातीचं नाव लिहायचं, अशी त्याची पद्धत. फोटो म्हणजे निखळ पुरावा, असं मानणाऱ्याने ही पानं एकदा पाहावीत. ‘द पीपल ऑफ इंडिया’चे आठ खंड (१८६८–७५) याच वाटेने गेले.

या परंपरेला खरा धक्का दिला तो ग्रेगरी बेटसन आणि मार्गारेट मीड यांनी. १९३६ ते १९३९ या काळात बालीमध्ये त्यांनी सुमारे २५ हजार फोटो काढले आणि त्यांतले ७५९ निवडून १९४२ मध्ये ‘बालिनीज कॅरेक्टर’ प्रसिद्ध केलं. एका पानावर अनेक चित्रं, समोरच्या पानावर प्रत्येकाची टीप. आई मुलाला खेळवते, मग त्याच्याकडे दुर्लक्ष करते, मूल रडतं: हे एका फोटोतून कळत नाही, ओळीने लावलेल्या चौकटींतून कळतं. इथे फोटो मजकुराची शोभा वाढवायला आलेला नाही, युक्तिवादच तो करतो. तरीही माझी एक तक्रार आहे. चित्रांचा अर्थ पानोपानी ही दोघंच लावतात. बालीच्या आयांचं त्यावर काय म्हणणं होतं, याला पुस्तकात फारशी जागा नाही.

ती उणीव जॉन कॉलिअर यांनी हेरली. माणसांना फोटो दाखवा आणि बोलू द्या, असं त्यांचं १९६७ चं पुस्तक सांगतं. १९९० च्या दशकात कॅरोलाइन वँग आणि मेरी अ‍ॅन बरिस यांनी चीनच्या युन्नान प्रांतातल्या खेड्यांत बायकांच्या हातीच कॅमेरे दिले. कल्पना उत्तम, पण तिचा पुढे संस्थांच्या अहवालांत विधी होऊन बसला: मुखपृष्ठावर हसरे चेहरे, आत निधीचा हिशेब. त्यापेक्षा छायाचित्रकार दयानिता सिंग यांचं ‘मायसेल्फ मोना अहमद’ (२००१) वाचावं. दिल्लीतल्या तृतीयपंथी मोनाची आयुष्यकथा तिथे तिच्याच पत्रांतून येते. पुस्तक संशोधनाचं नाही, पण संशोधकाच्या टेबलावर असायला हवं.

आणि आमचे प्रबंध? शेवटी परिशिष्ट, त्यात ‘छायाचित्र क्र. ७: संशोधक व निवेदक’. मधोमध संशोधक उभा, भोवती गाव. क्षेत्रभेट खरोखर झाली, याची ही पावती. उदाहरणं नाहीत म्हणून असं होतं, असंही नाही. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांची छायाचित्रं वर्षानुवर्षं काढली. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या पुढाकाराने जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या, आणि ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) आज त्या प्रसिद्ध करताना गाणाऱ्या बाईचं नाव, गाव, आवाज आणि फोटो एकत्र देते. मराठीत याहून चांगला धडा शोधायची गरज नाही.

तेव्हा मार्गदर्शकांना एक विनंती. पुढच्या तोंडी परीक्षेत परिशिष्टाचं पान उघडून विद्यार्थ्याला एवढंच विचारा: हा फोटो त्या बाईला दाखवलात का, आणि ती काय म्हणाली? उत्तर असेल, तर तो फोटो उचलून प्रकरणात घ्यायला लावा.