रामशास्त्र्यांच्या निवाड्यानंतर

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘भाऊबंदकी’ हे नाटक १९०९ साली रंगभूमीवर आले. राघोबादादांचे नाव निघाले की आजही प्रथम आठवतो तो रामशास्त्री प्रभुण्यांचा निवाडा. नाट्यदृष्ट्या त्या प्रसंगाचे सामर्थ्य वादातीत आहे. माझी तक्रार नाटककाराविरुद्ध नसून त्या प्रसंगापाशीच थबकलेल्या आपल्या स्मृतीविरुद्ध आहे. शास्त्रीबुवांनी देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि दादासाहेब बुडाले, असे आपण धरून चालतो. पण केवळ निवाड्याने कोणी बुडत नाही, हे वकिली करणारास सांगावे लागत नाही. नारायणरावांचा खून ३० ऑगस्ट १७७३ रोजी झाला. त्यानंतर भाऊबंदकीचे युद्ध जवळजवळ नऊ वर्षे चालले आणि त्याचा एक मुख्य अंक आमच्या सुरतेत घडला.

मार्च १७७४ मध्ये पंढरपूरनजीक कासेगावास दादांनी बारभाईंच्या फौजेचा पराभव केला. पण १८ एप्रिलला पुरंदरावर गंगाबाईंना पुत्र झाला. घराण्यात दुसरा वारस नाही, एवढ्याच आधारावर जे दादांकडे होते, त्यांचा आधारच नाहीसा झाला. रणांगणावर मिळविलेला जय पाळण्यापाशी वाया गेला. पुढे पैसा आटला, शिंदे-होळकर हात राखून वागू लागले. फेब्रुवारी १७७५ मध्ये महीच्या काठी हरिपंत फडक्यांनी उरलीसुरली फौज उधळली, आणि दादा खंबायतमार्गे सुरतेस आले.

मार्चमध्ये येथे इंग्रजांशी तह झाला. अडीच हजार फौजेच्या मदतीसाठी दादांनी साष्टी व वसई देऊ केली, शिवाय सहा लाखांचे जवाहीर तारण ठेविले. ही साष्टी ठाण्याकडची, गोव्याची नव्हे. ती तर इंग्रजांनी आदल्या डिसेंबरातच लढून घेतली होती. दादांनी कागदावर दिले ते गेलेलेच होते. आणि वसई? ती १७३९ साली चिमाजीअप्पांनी, म्हणजे दादांच्या सख्ख्या काकांनी, पोर्तुगीजांकडून जिंकली होती. भीमाशंकरी जी घंटा आपण वाजवितो, ती त्याच मोहिमेची आठवण म्हणून सांगतात. काकांच्या पराक्रमाची मिळकत पुतण्याने सुरतेत लिहून दिली.

तरीही येथवर दादा निदान पक्षकार होते. कलकत्त्याने हा तह नामंजूर केला आणि १७७६ च्या पुरंदरच्या तहात ते केवळ एक कलम उरले : वार्षिक नेमणूक आणि कोपरगावी वास्तव्य. ते त्यांनी नाकारले. पण जानेवारी १७७९ मध्ये वडगावी मुंबईकर इंग्रजांची फौज कोंडली गेली, तेव्हा दादांना महादजी शिंद्यांच्या स्वाधीन व्हावे लागले. तेथून निसटून ते पुन्हा सुरतेस आले, इंग्रजांच्याच आश्रयास. १७८२ च्या सालबाईच्या तहाने दरमहा पंचवीस हजारांची नेमणूक ठरली. वसई पेशव्यांकडे परतली, साष्टी कायमची गेली. डिसेंबर १७८३ मध्ये कोपरगावी दादा निवर्तले.

दीर्घ गृहयुद्धात हरणारा पक्ष एका दिवसात कोसळत नाही. प्रथम त्याचा हक्क जातो, मग पैसा, मग मित्र. शेवटी स्वतःविषयी बोलण्याचा अधिकारही दुसऱ्याच्या हाती जातो. देवस्थानाच्या वहिवाटीवरून भांडणाऱ्या दोन तडांमध्ये हाच क्रम मी पाहिला आहे. हरत चाललेला भाऊ परक्यास जामीन करतो आणि पुढची तडजोड तो जामीनच करतो.

आपल्या वाङ्मयाने दादांचे पाप रंगविले, आनंदीबाईंना खलनायिका केले. अपराध्यास शासन झालेले पाहून प्रेक्षक समाधानाने घरी जातो. पण ज्या साष्टीकरांनी खून केला नव्हता आणि निवाडाही ऐकला नव्हता, त्यांचा धनी बदलला तो कायमचा. हा हिशेब मांडणारे नाटक मराठीत अजून माझ्या वाचनात आलेले नाही.